पुढच्या खोलीतला ऑर्गन

दुष्काळाच्या वर्षी आमच्या संगमनेरच्या घरात दोनच खोल्या होत्या, आणि पुढच्या खोलीचा निम्मा भाग विजेच्या ऑर्गनने अडवला होता. मिशनच्या शाळेतल्या परदेशी मॅडम कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी तो मला दिला. चर्चमध्ये वाजवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. ऑर्गन तेव्हाच जुना होता. बटण दाबल्यावर आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे, मग हळूहळू सूर उमटे. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की तो घसा बसल्यासारखा वाजायचा. तरीही शाळेत शिकवून आले की मी आधी त्याच्यापाशी बसायची.

ह्यांना तो कधीच आवडला नाही. त्यातच जामखेडकडून निरोप आला. तिकडच्या विहिरी आटल्या होत्या. ह्यांची विधवा बहीण, आमच्या अक्का, लहान मुलीला घेऊन आमच्याकडे राहायला येणार होत्या.

"अक्का झोपणार कुठं?" ह्यांनी विचारलं.

"मागच्या खोलीत. आपण इथं झोपू."

"इथं कुठं? त्याच्यावर?"

नगरच्या एका शाळेला ऑर्गन हवा होता. ह्यांनी मला न विचारता त्यांना होकार कळवला होता, ते मला दुसऱ्याच माणसाकडून समजलं. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

अक्का आल्या. घरातलं अवघडलेपण त्यांनी आल्या आल्या ओळखलं. जेवताना खाली मान घालून म्हणाल्या, "माज्यापायी घरातली वस्तू काढू नगा. मी जाते माघारी." माघारी जाऊन प्यायला पाणी मिळणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाजवायला बसले. हे दवाखान्यात होते, तिथं ते कंपाउंडर होते. अक्का नळाच्या रांगेत होत्या. त्यांची पोर तांब्याभर पाणी घेऊन पुढं आली. खालच्या सुरांच्या पट्ट्यांवरची माझ्या पायांची हालचाल बघायला वाकली, तशी तांब्या हिंदकळला आणि शहाबादी फरशीवर पाणी सांडलं. तोल सावरायला तिनं ऑर्गनखालची लोखंडी पट्टी धरली.

तिचा हात सुटेना. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मी तिला ओढायला हात पुढं केला आणि तसाच मागे घेतला. पिन भिंतीजवळ होती. खुर्चीवरून झेप घेऊन मी वायर उपसली. पोर खाली कोसळली. मी तिला मांडीवर घेऊन तळवे चोळत राहिले, हाका मारत राहिले. किती वेळाने कोण जाणे, तिनं श्वास ओढला आणि टाहो फोडला. कुणाचं रडणं मला कधी इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

गळती वीज जमिनीत जावी म्हणून वायरमनकडून आम्ही अर्थिंग करून घेतलं होतं. पण ती तार निसटली होती आणि जुन्या वायरीचं आवरण आत कुठंतरी उकललं होतं, ते मागून कळलं.

शेजाऱ्यांनी कळवलं, तसे हे धावत आले, अक्काही आल्या. पोरीची नाडी पाहिली, हाताला मलम लावलं. मी बोलणी खायच्या तयारीत होते, पण हे पोरीच्या हातावर फुंकर घालत बसले. अक्काच म्हणाल्या, "लेकरू वाचलं, बास. इतक्यावरून टाकून देऊ नगंस. वायर नीट करून घे. पोरीला मी मागं सांभाळीन."

रात्रभर मी विचार केला. वायर दुरुस्त झाली असती. पण यापुढं प्रत्येक सुरामागं माझा कान त्या पोरीच्या पावलांकडे राहणार होता. असं वाजवणं मला जमणार नव्हतं.

सकाळी मीच ह्यांना म्हटलं, "टेम्पो बोलवा. पण आतली सगळी वायर बदलल्याशिवाय चालू करायचा नाही, हे त्या शाळेला मी समक्ष सांगणार."

"तू म्हणत असशील तर ठेवू," हे म्हणाले.

"नको."

मी ड्रायव्हरशेजारी बसून नगरपर्यंत गेले. खड्डा आला की मागं वळून बघायची. तिथल्या शिक्षकांना सगळं सांगितलं, वायर दाखवली आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परतले. तोवर ह्यांनी रिकाम्या जागी अक्कांची पेटी आणि वळकटी लावून ठेवली होती. मी सरळ चुलीकडे गेले.

पुढच्या रविवारी कितीतरी दिवसांनी चर्चमध्ये जुन्या पायपेटीवर बसले. पट्ट्या दाबल्या, पण आवाज निघाला नाही. लोक गीताची पुस्तकं उघडून थांबले होते. विजेच्या ऑर्गनला वारा लागत नसे; पायपेटीत तो पायांनी भरायचा असतो, हे मी विसरूनच गेले होते. मग पाय हलवायला लागले.