पहिल्या हाकेचा महालिंगप्पा

आमच्या अप्पांना, म्हणजे शरणबसप्पांना, बेंबळीत कुणी लेखक म्हणत नसे. 'नोकरीवाले' म्हणत. जन्मात एक दिवस नोकरी न केलेल्या या माणसानं निजामाच्या राज्यात नोकरी कशी मिळवावी यावर पुस्तक लिहिलं, सोलापुरात स्वतःच छापून घेतलं आणि निजामाच्या हद्दीवरच्या तामलवाडीच्या जकातनाक्यावरून कडब्याखाली दडवून बैलगाडीनं घरी आणलं. त्यांचा राग मला अजून येतो. पण तेवढी धमक गावात दुसऱ्या कुणात नव्हती, हेही खरं.

'नोकरीचा रस्ता', चाळीस पानं. त्यातलं एक पान उर्दूत, नमुन्याच्या अर्जीचं. कचेरीत अर्जी उर्दूतच लागायची आणि आमच्या भागात उर्दू येणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. ज्याला येत नाही त्यानं ते पान पाहून जसंच्या तसं गिरवावं, ही अप्पांची युक्ती. पान लिहून देणाऱ्या मास्तरांनी नावाची जागा कोरी सोडली होती. अप्पांना ते पटलं नाही.

"कोरी अर्जी अशुभ दिसती, मास्तर. आमच्या महालिंगप्पाचं नाव घाला. पोराचं नाव तरी कचेरीत जाऊ द्या."

खाली मराठीत टीप होती, नाव आपले घालावे. पण उर्दू न येणाऱ्याला त्या वळणांत नाव कुठलं हे कळणार कसं? हे चुलीपुढं बसलेल्या माझ्या आईला सुचलं. तिचं ऐकतो कोण.

१९४३ साली तालुक्याच्या कचेरीत चपराशाची एक जागा निघाली. अप्पांचा सगळा जीव त्या जागेत अडकला. "लोकांच्या पोरांना लई रस्ता दावला," ते म्हणाले, "आता माझं पोरगं पट्टा घालून कचेरीत दिसलं म्हंजी झालं." मी अर्जी दिली. माझ्याआधी माझ्याच नावाच्या सतरा अर्ज्या तिथं पोचल्या होत्या.

अर्ज्या पाहणारा कचेरीतला कारकून, पेशकार, हसून बेजार झाला. अंगणात आम्ही उमेदवार बसलो होतो. त्यानं बाहेर येऊन हाक दिली, "महालिंगप्पा वल्द शरणबसप्पा, बेंबळी."

मी उठलो नाही. पुस्तकातलं बारावं कलम मला तोंडपाठ होतं: पहिल्या हाकेला धावू नये, उतावळा दिसतो, दुसऱ्या हाकेला शांतपणे उठावे. बाकीच्यांना ते नाव आपलं वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी ते त्याच पुस्तकाचे गिऱ्हाईक, तेही ढिम्म. उठला एकटा बंडप्पा, परंड्याकडचा. त्याला वाचताच येत नव्हतं, अर्जी दुसऱ्याकडून गिरवून घेतलेली. हाक आपल्या नावाची नाही हे त्याला कळलं, पण कुणीच उठेना म्हटल्यावर तो उठला. दुसरी हाक झालीच नाही.

मी आत धावलो. पेशकारानं मान वर केली नाही. "महालिंगप्पा तो भरती हो गया. अब तू कौन?"

अप्पा तक्रार करतील असं मला वाटलं होतं. पण तक्रार केली असती तर अर्जीतली चूक गावोगाव कळली असती आणि पुस्तकाचा खप बसला असता. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोलापूरला गेले आणि नवी आवृत्ती घेऊन आले. आत आता नावाची जागा कोरी होती. वर ठळक छापलं होतं: 'याच अर्जीने बेंबळीचे महालिंगप्पा शरणबसप्पा यांस कचेरीत नोकरी लागली.'

"अप्पा, त्यो मी न्हाय."

"छापलंय त्यात खोटं काय हाय?" माझ्याकडं न बघता ते म्हणाले. त्या क्षणी मला ते बाप वाटले नाहीत, नुसते पुस्तकवाले वाटले.

सोनारीच्या यात्रेत गठ्ठे घेऊन त्यांनी मलाच बसवलं. एका धनगरानं कुणाकडून तरी तो मजकूर वाचून घेतला आणि मला विचारलं, "ह्या महालिंगप्पाला खरंच नोकरी लागली व्हय?"

"लागली की."

"अन् तुमचं नाव काय म्हणायचं?"

अप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"बंडप्पा," मी म्हणालो.

त्यानं आपल्या दोन्ही पोरांसाठी एकेक पुस्तक घेतलं.