चांगलं मशीन आलं की

घारताईच्या नवऱ्याला गाण्याचं वेड होतं असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. वेड गाण्याचं नव्हतंच, मशीनचं होतं, आणि तेही कधी घरात न आलेल्या मशीनचं.

घारताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाटल्या भरायच्या कारखान्यात ती सरकत्या पट्ट्यापाशी बसायची. समोर दिव्यानं उजळलेली पांढरी काच, तिच्यापुढून रिकाम्या बाटल्या खडखडत जायच्या, आणि तडा गेलेली, टवका उडालेली बाटली हिनं चट्कन उचलून बाजूला टाकायची. हिच्या नजरेतून एक सुटेल तर शपथ! म्हणून बरोबरच्या बायका तिला घार म्हणायला लागल्या, आणि वय वाढलं तशी मागे ताई चिकटली. पण डोळ्यांचं कौतुक झालं, कानांचं कुणी विचारलं नाही. काचेवर काच आपटण्याचा तो आवाज दिवसभर डोक्यात शिरायचा. बायका कापसाचे बोळे घालायच्या, आणि एकमेकींशी बोलायचं तर हातवारे करायच्या. घरी आल्यावरही घारताई ओरडूनच बोलायची, आणि नवरा म्हणायचा, "अगं हळू, मी काय बहिरा आहे?"

नवरा पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. माणूस वाईट नव्हता, दारू नाही, जुगार नाही, कधी हात उगारला नाही. म्हणून तर त्याच्याविरुद्ध बोलायचीही सोय नव्हती.

लग्न झालं तेव्हा दोघं भाड्याच्या एका खोलीत राहायची. समोरच्या घरातून एक गाणं ऐकू यायचं. आधी नुसती बासरी, अगदी बारीक, आणि मग त्या बासरीतूनच बाईचा आवाज निघायचा. बासरी कुठे संपली नि बाई कुठे सुरू झाली, पत्ता लागायचा नाही. घारताई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे गाणं आपल्याकडे असावं बाई." उभ्या जन्मात तिनं मागितलेली ही एक गोष्ट. आणि त्यानं ती आणली की! पुढच्याच पगाराला रेकॉर्ड घेऊन हजर. चकचकीत पातळ वेष्टनात, कोरी करकरीत.

"लावा ना मग," ती म्हणाली. घरात त्याचा एक जुना प्लेअर होता.

"या डबड्यावर? खुळी का काय तू! सुई नुसते ओरखडे काढेल. चांगलं मशीन आलं की लावू."

झालं. तिथून जे सुरू झालं ते तो जाईपर्यंत संपलं नाही. तो दुकानांतून माहितीची चोपडी आणायचा, जेवताना वाचायचा. एखादं मशीन परवडण्याजोगं झालं, की त्याला त्याच्या वरचं दिसायचं. "हे नवशिक्यांचं गं, आता थोडक्यासाठी कशाला घाई करायची?" बरं, तोवर साठवलेल्या पैशांचं काय? तर त्यांच्या रेकॉर्डी यायच्या! मशीन आल्यावर वाजवायला काही हवं ना घरात! त्याही कोऱ्याच कपाटात जायच्या. जुना प्लेअर मोडला तेव्हा त्यानं दुरुस्तही केला नाही, आता चांगलंच घ्यायचं म्हणाला. आणि घारताई त्या चांगल्यासाठी जादा पाळ्या करत राहिली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिला ते गाणं हवं होतं, आणि गाण्यापर्यंत जायची वाट त्या पट्ट्यापाशीच होती, असं तिला खरंच वाटायचं.

नवरा एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. घारताई रडली, मनापासून रडली. मग काही आठवड्यांनी फडकं घेऊन कपाट पुसायला उभी राहिली, आणि त्या भरगच्च रांगेकडे बघता बघता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात गाणी खच्चून भरलेली, आणि घर मुकं! तिनं लेकीला फोन केला. "उद्या ये. मला मशीन घ्यायचंय."

लेक आली ती समजूत काढायलाच. "आई, कोऱ्या रेकॉर्डी शोधत फिरणारे लोक असतात. वेष्टन शाबूत असेल तर ते मागू ती किंमत देतात. विकून टाक सगळ्या, आणि छान कुठेतरी फिरून ये."

"फिरेन नंतर. आधी माझं गाणं ऐकेन."

दुकानात गेल्यावर दुकानदारानं आदबीनं खुर्ची दिली आणि विचारलं, "आजी, साधारण किती खर्चायचं मनात आहे? आणि पूर्वी कधी प्लेअर वापरलाय का? म्हणजे त्या अंदाजानं दाखवतो."

"वापरला नाही. पुसलाय," घारताई म्हणाली. "कानात यंत्र असूनही मला जरा कमी ऐकू येतं, तेव्हा चांगलं दाखवा. पैशाचं मी बघेन." कारखाना सोडताना मिळालेला फंड तिनं त्यासाठीच काढला होता. मशीन जितकं चांगलं तितकं गाणं स्वच्छ, मग कान थोडे अधू असले म्हणून काय बिघडलं, असा तिचा साधा हिशेब होता. नवऱ्यानं इतकी वर्षं हेच तर सांगितलं होतं.

पिशवीतून तिनं ती रेकॉर्ड काढली. वेष्टनाला नख लावून तिनं ते फाडलं. लेकीनं डोळे मिटून घेतले.

पहिलं मशीन छोट्या सूटकेससारखं, स्पीकर आतच बसवलेले. दुकानदारानं सुई टेकवली. घारताई पुढे झुकून बसली. बराच वेळ काहीच नाही, मग ढोलकीचे ठोके आणि त्यांच्यामागे भिंतीपलीकडे कुणी पुटपुटावं तसं काहीतरी.

"छे, हे नको. हे त्यातलंच डबडं," ती म्हणाली. "वरचं लावा."

दुसरं वेगळ्या स्पीकरांचं होतं. दुकानदारानं सुईच्या दांडीचं वजन नीट जुळवलं. तेच ठोके, तेच पुटपुटणं. जरा मोठ्यानं, एवढंच.

तिसरं मशीन आतल्या खोलीत होतं. घारताईनं ते बघताक्षणी ओळखलं, जेवणाच्या ताटाशेजारी त्याचं चित्र वर्षभर उघडं पडलेलं असायचं. दुकानदारानं दार लावलं, सुई अलगद ठेवली आणि तो बाजूला सरकला. लेकीनं एकदम तोंडावर हात धरला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घारताई तिच्याकडे बघत होती. रेकॉर्ड फिरत होती.

"बासरी आहे का गं ही?" तिनं विचारलं. "लागली का बासरी?"

लेकीनं होकारार्थी मान हलवली.

"जरा मोठं करा हो."

त्यानं मोठं केलं. ठोके छातीवर आदळायला लागले. बासरी नाही. बाई नाही. लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, कानातलं यंत्र नीट बसलंय ना?"

"बसलंय गं बाई. चांगलं बसलंय."

ठोके संपले, सुई उचलली गेली. घारताई मांडीवर हात ठेवून बसून राहिली. बासरी कुठे गेली ते तिला कळलं होतं. त्या पट्ट्यापाशी गेली, जादा पाळ्यांत गेली, याच मशीनसाठी. "मेल्या," ती म्हणाली, अगदी स्पष्ट, आणि लेक दचकली. नवऱ्याला जिवंतपणी तिनं कधी अरेतुरेसुद्धा केलं नव्हतं.

मग ती उठली आणि बाहेर येऊन तिनं त्या सूटकेसवाल्यावर बोट ठेवलं. "हे बांधून द्या."

दुकानदार प्रामाणिक होता. "आजी, राग मानू नका. तुमची रेकॉर्ड जपलेली आहे. याची दांडी जड असते, रोज वाजवाल तर रेकॉर्डी झिजतील. थोडं वरचं घ्या."

"झिजतील ना? मग हेच द्या."

त्या संध्याकाळी तिनं प्लेअर खिडकीत मांडला, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कपाट उघडलं. एक वेष्टन फाडायचं, रेकॉर्ड लावायची, संपली की दुसरी. कागद पायाशी साचत चालले. लेक रडकुंडीला आली. "आई, अगं बाबांनी जिवापाड जपल्यात त्या! तुला धड ऐकूही येत नाही, मग कशाला नासतेस?"

"म्हणूनच," घारताई म्हणाली. "मला काही उरलं नाही ना, मग त्यांचीही एक कोरी ठेवायची नाही."

शेजारीण दारात येऊन उभी राहिली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "किती गोड गळा हो ताई! इतकी वर्षं कधी लावलं कसं नाहीत?"

घारताईला तिचे नुसते ओठ हलताना दिसले. तिनं हसून मान डोलावली आणि पुढचं वेष्टन फाडायला घेतलं.