मावशींच्या घरचं पाणी

पाहुणे येणार म्हटलं की माझी कंबर आधीच दुखायला लागते. दर वर्षी नाताळ आटोपतो, हॉलमधला कागदी तारा अजून उतरवलेलाही नसतो, तोवर ते येऊन टेकतात. दहाबारा मुलं-मुली, सोळा-सतरा वर्षांची, परदेशातल्या एका चर्चनं सेवेसाठी म्हणून पाठवलेली. दोन आठवडे राहतात. माझा नवरा भिवंडीतल्या एका लहानशा चर्चचा पाळक आहे, त्यामुळे निमंत्रण त्याचं असतं. गाद्या, चादरी, अंघोळीचं गरम पाणी आणि बिनतिखटाची भाजी हे सगळं माझं. शिवाय मी मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी बऱ्यापैकी येतं, म्हणजे दुभाषी पण मीच.

मुलं वाईट नसतात, हे आधीच सांगते. उलट इतकी चांगली असतात की त्यानंच दमायला होतं. सकाळी सहाला उठून गिटार वाजवतात. दिसेल त्या माणसाला मिठी मारतात. आमच्या गल्लीत कापडाचे लूम बंद पडले की आम्हाला जाग येते, आणि लूम चालू असताना यांना झोप लागत नाही, तरी एक शब्द तक्रारीचा नाही. या खेपेला दातांना तारा लावलेली एक मुलगी होती. ती रोज स्वयंपाकघरात येऊन मला कशा आहात म्हणून विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत तिथंच उभी राहायची. आमच्या घरात हा प्रश्न मला कुणी विचारत नाही.

त्यांना सेवेसाठी काही काम द्यावं लागतं. इतकी वर्षं आमच्या हॉलच्या भिंती रंगवून झाल्या, आता भिंतींनाच रंगाचा कंटाळा आला असेल. म्हणून यंदा नवऱ्याच्या डोक्यात आलं की यांना वळ गावातल्या वर्गावर न्यायचं.

वळचा वर्ग हे माझं काम. नवऱ्याचं नाही, चर्चचंही नाही, माझं. गावाभोवती गोदामं झाली तशी तिथल्या बायकांना पॅकिंगची कामं मिळाली. सकाळी गेटवर हजर व्हायचं ते अंधार पडल्यावर सुटायचं. मुलं शाळेतून येतात ती कुलूप असलेल्या घराकडे. मग खेळणार कुठं, तर कंटेनर मागे घेतात त्याच रस्त्यावर. चार वर्षांपूर्वी मी गावभर खोली मागत फिरले. कुणी भाडं फार सांगितलं, कुणी चर्चचं नाव ऐकून दारच पुढे केलं. खोली दिली ती मावशींनी.

मावशी म्हणजे गावातल्या बौद्ध कुटुंबातल्या एक बाई, साठी ओलांडलेल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरी असतात. मुलगा नोकरीसाठी दुसरीकडे, त्यामुळे पुढची खोली मोकळी. भाडं घेतलं नाही. एकच अट घातली, की शिकवा, खेळवा, पण देवाधर्माचं इथं काही नको. मी ती अट आनंदानं पाळली. मुलांचे पाढे आणि गुणाकार होईपर्यंतच माझा जीव जायचा, देवापर्यंत पोचायला ताकद कुठली उरणार? दुपारी वर्ग भरला की मावशी माठ भरून ठेवायच्या, वर एक ओगराळं. तीसएक मुलं, सगळ्या घरांतली, त्याच माठातलं प्यायची.

पाहुणे येणार म्हणून मावशींनी त्या दिवशी खोली सारवल्यासारखी लख्ख पुसली होती. बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार. पाहुणे ओळीनं सतरंजीवर बसले, मी ओळख करून द्यायला लागले, तेवढ्यात मावशी ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात पाण्याचे ग्लास, घासून चकचकीत केलेले, काही शेजारून मागून आणलेले.

पहिल्या मुलानं हसून मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि आपली बाटली उचलून दाखवली. मग दुसऱ्यानं तसंच. मग तिसरीनं. नम्रपणे नको कसं म्हणायचं ते त्यांना निघण्याआधी शिकवलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांचं हसू सारखं, हात सारखा. त्यांच्याबरोबर आलेल्या प्रमुख बाईंनीही तेच केलं. ताट ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि भरलेलंच परत आलं. मी दोन ग्लास प्यायले, तहान नव्हती तरी. मावशींनी ताट जमिनीवर ठेवलं आणि आत गेल्या, त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नाही. ते मुलांना टाळ्यांचा खेळ शिकवण्यात रंगले होते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीला कुलूप. मुलं ओट्याखाली दप्तरं घेऊन उभी, आणि मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. मुलांना थोडं लांब पाठवून मी त्यांच्याजवळ टेकले आणि समजावलं. म्हटलं, यांची पोटं नाजूक, आपलं पाणी यांना बाधतं. गेल्या वर्षी एकाला सलाईन लावायची पाळी आली होती. माझ्या घरचंसुद्धा ती पीत नाहीत, खोके भरून बाटल्या आणाव्या लागतात. मावशी खडे वेचत ऐकत राहिल्या. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या,

“आंगनवाडीत मी पानी भरून ठेवायची, तवा गावातली काय पोरं घरून बाटली घेऊन यायची. त्यांच्या आया पन हेच सांगायच्या. पोराला बाहेरचं पानी बाधतं.”

मी खरं सांगत होते, आणि तेच खरं शब्दाला शब्द त्यांना आयुष्यभर खोटं म्हणून ऐकवलेलं होतं. वर मी कोण, तर ख्रिस्ती. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणजे जात गेली असं ज्याला वाटत असेल त्यानं आमच्यातली लग्नं जमताना एकदा येऊन बसावं. खोली कायमची बंद का, एवढंच मी विचारलं. माहीत नाही म्हणाल्या. दार उघडायला हात होत नाही म्हणाल्या.

त्या दुपारी मी मुलांना एका गोदामाच्या कंपाउंडच्या सावलीत बसवलं. वॉचमननं उठवलं. त्याचंही चुकलं नाही, त्याला त्याची नोकरी आहे. मग रस्त्याच्या कडेला बसवलं. सातचा पाढा चालू असताना एकीचा लहान भाऊ चेंडूमागे धावला आणि मागे येणाऱ्या कंटेनरच्या चाकांपाशी गेला. क्लीनरनं ओरडून गाडी थांबवली. त्या पोराला काखेत उचलून मी कडेला आणलं. खोली गेली तर रोज हेच, एवढं मला त्या क्षणी दिसलं. मी मुलांना घरोघरी सोडलं आणि वर्ग बंद केला.

संध्याकाळी प्रमुख बाईंना सांगितलं, की मावशींचं मन दुखावलं आहे, तुम्ही कुणी पाणी घेतलं नाही म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. त्या स्वतः शिक्षिका, मनानं चांगल्या. काही भेटवस्तू घेऊन जाऊ का, माफी मागू का, विचारायला लागल्या. मी म्हटलं, भेटवस्तू नको, एक घोट पाणी पुरे. तेवढं मात्र जमणार नाही म्हणाल्या, दुसऱ्यांची मुलं आहेत, आईबापांना शब्द दिलाय. त्याही बरोबरच होत्या. इथं सगळेच बरोबर होते आणि खोलीला कुलूप होतं.

जातीचं मी त्यांना सांगितलंच नाही. समोर भांड्यांचा ढीग, सकाळच्या नाश्त्याची तयारी व्हायची, त्यात ते कुठून सुरू करायचं? पाण्यापासून की जन्मापासून? दुभाष्याचं काम भाषेचं असतं असं लोकांना वाटतं. निम्मं काम न सांगता गिळून टाकण्याचं असतं, आणि मला त्याचा खरोखर वीट आला होता.

तरी माफी मागायला जायचं ठरलं. बायपासला गाड्या तुंबल्या होत्या म्हणून आम्ही अलीकडेच उतरून धुळीतून चालत गेलो. पोचेपर्यंत पोरांचे चेहरे लाल झाले होते. मावशी ओट्यावरच होत्या. बसा म्हणाल्या. आत जाऊन ताट काही आणलं नाही. प्रमुख बाई बोलल्या, मी मराठीत सांगितलं, की आमच्या वागण्यानं तुम्हाला वाईट वाटलं, आम्हाला माफ करा. मावशींनी मान हलवली. ती हो म्हणून की नुसतीच, मला कळलं नाही.

दातांना तारा लावलेली ती मुलगी त्यांच्या सगळ्यांत जवळ बसली होती. तिनं बाटली उघडली, दोन घोट प्यायली, आणि झाकण लावणार तोच मावशींनी हात पुढे केला.

“मना दे,” म्हणाल्या.

भाषांतराची गरज पडली नाही. मुलीनं लगेच बाटली दिली. आपल्याकडे दुसऱ्याच्या बाटलीतून पिताना कुणीही वरून धार सोडून पितं, हे आपण लहानपणीच शिकतो. मावशींनी तसं केलं नाही. त्यांनी बाटलीला तोंड लावलं, नीट ओठ टेकवून लावलं, आणि सावकाश तीन-चार घोट घेतले. मग अर्धी राहिलेली बाटली तिच्याकडे परत दिली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

प्रमुख बाई काही बोलणार असं मला दिसलं. उष्टं पिऊ नये हा त्यांचाही नियम असणार, आजारपणाच्या भीतीनं का होईना. मी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला.

मुलीला यातलं काहीच दिसलं नाही. उन्हानं तिचा जीव कासावीस झाला होता. तिनं बाटली घेतली, पुसली नाही, तशीच तोंडाला लावली आणि रिकामी केली. मग हातानं तोंड पुसत मावशींकडे बघून हसली. मावशींनी नजर दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळानं गावातली दोन मुलं आली, आणि सगळे पाहुणे टाळ्यांचा खेळ खेळायला अंगणात गेले. आम्ही दोघीच उरलो. मावशींनी कंबरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. पोरांना बोलव म्हणाल्या. मी उठले, पण त्यांनी माझा हात सोडला नव्हता.

“तिला कायच ठावं न्हाय,” म्हणाल्या.

नाही, मी म्हटलं, तिला काही माहीत नाही.

“मी मुद्दाम तोंड लावलं.”

मी पाहिलं, असं मी म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. माझेही भरले.

“बाय,” त्या म्हणाल्या, “माझं उष्टं पानी माझ्या पोराबिगर आजवर कुनी पेलं न्हाय.”