शमीम मॅडम आणि आमच्या बोअरचे पाणी

शमीम मॅडमांची आणि माझी पहिली भेट अकोल्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. माझे गाव खारपाणपट्ट्यातले, जमिनीखालचे पाणीच खारट, हे कळताच त्या म्हणाल्या, "मग आजचा धडा तुझ्या घरचाच." खारट पाणी वनस्पतीच्या पेशीतले पाणी बाहेर कसे ओढते, ते त्या शिकवत होत्या.

त्याच वर्षी बाबांनी नवे बोअर घेऊन मिरची लावली. रोपे माना टाकू लागली. बाबा आणखी पाणी देत, रोपे आणखी सुकत. शेजारच्या वावरात नारायणकाकांनी नुकतेच तणनाशक मारले होते. "नारायणनंच माह्या मिरचीवर औषध उडवलं," असे बाबा चारचौघांत बोलले आणि सख्ख्या भावांचा अबोला सुरू झाला. काकांच्या मुलीचे लग्न तोंडावर आलेले. बाबा म्हणाले, मी येणार नाही.

मॅडमांना हे सांगताना मला रडू आवरले नाही. रविवारी त्या जुन्या शहरातल्या घरून एसटीने आमच्या गावी आल्या, पिशवीत सूक्ष्मदर्शक घेऊन. आधी शेतात फिरून पानांच्या करपलेल्या कडा पाहिल्या. मग काकांना स्वतः बोलावून आणले आणि बोअरचे पाणी कढईत आटवले. तळाशी पांढरा थर उरला. अंगणातल्या उन्हात लाल कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली ठेवून त्यांनी त्यावर मिठाचे पाणी सोडले.

बाबा डोळा लावून ओरडले, "आतला लाल रंग आकसून राहिला!"

"भाऊ, लवकर दिसावं म्हणून हे पाणी मी जास्त खारट केलं. तुमचं बोअर हळूहळू तेच करतं. जमीन ओली असते, पण मुळांना ते पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा करपल्या त्याही मिठानंच, औषधाचा यात काही दोष नाही."

बाबा भिंगावरून उठून काकांकडे वळले. मग म्हणाले, "नाऱ्या, च्या घेतं का?"

"घेतो ना. पण बोअरच्या पाण्याचा नको."

मिरची वाचली नाही. लग्नात मात्र बाबा पंगतीत वाढत होते, आणि पुढे दोघा भावांनी मिळून पावसाच्या पाण्यासाठी शेततळे खोदले.

आज मी अचलपूरला हाच विषय शिकवते. मॅडम पंचाहत्तरीच्या झाल्या, त्यांच्यावर लिहिते आहे, असे बाबांना सांगितले. ते म्हणाले, "लिही, त्याईनं माहा भाऊ मले वापस देला."

मॅडम, तुमची तब्येत ठणठणीत राहो आणि तुमचा सहवास आम्हाला अजून पुष्कळ वर्षे मिळो. बाबांच्या वाक्यापुढे माझ्याजवळ एवढेच आहे.