एविंदुरचा डावा गुडघा

रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी एविंदुर पांघरुणातल्या पांघरुणात डावा गुडघा वाकवायचा, हळूच सरळ करायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज आला नाही तर उठायचा. बारीकसा ‘टक्’ आला तर आणखी थोडा वेळ तसाच पडून राहायचा, जणू तो आवाज आपण ऐकलाच नाही, असं गुडघ्याला पटवून द्यायचं होतं. डेन्मार्कमधल्या भाड्याच्या खोलीत ही सवय लागली, नॉर्वेतल्या फुटबॉल क्लबात गेल्यावर मुरली. त्या सप्टेंबरात तो घरी आला होता, आइसलँडमधल्या ग्राउहोलच्या शेतावर. लहानपणच्या पलंगावर, पावलं पलंगाबाहेर काढून झोपलेला असतानाही त्याने तेच केलं.

टक्.

खालून पाब्बीची, म्हणजे बापाची, हाक आली. “उठलास का? मेंढ्या डोंगरावरून उतरल्यात. त्या काही तुझ्यासाठी थांबायच्या नाहीत.”

एविंदुर बचावपटू होता. गोल करणाऱ्याचं नाव गोल केल्यावर निघतं, बचावपटूचं चूक केल्यावर. आपलं नाव फारसं निघू न देता त्याने परदेशात चौदा वर्षं काढली होती. गोठ्याच्या पत्र्यावर चेंडू मारत तो शिकला. पत्र्याचा तो भाग अजून चेपलेला आहे, आणि थोरली बहीण ड्रिफा तो बदलू देत नाही.

नॉर्वेतल्या क्लबाचा प्रशिक्षक ओडवार पहिल्याच भेटीत म्हणाला होता, “तुम्ही आइसलँडची माणसं मला आवडता. कुरकुर करत नाही.” बोलणं कौतुकाचं होतं, एविंदुरने ते नियमासारखं पाळलं. मैदानावरही तो फारसा बोलत नसे. उंच चेंडू आपल्या बाजूला आला की मात्र तो स्वतःच्या भाषेत ओरडायचा, “सोड, माझा आहे.” नॉर्वेच्या पोरांना त्याचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही. ती बाजूला व्हायची.

वसंतापासून गुडघा सुजत होता. घरी दार लावून तो बर्फ धरायचा, सामन्याआधी गोळी घ्यायचा. क्लबात कोणालाच पत्ता नव्हता. आता दोन वर्षांचा नवा करार समोर आला होता. सही सोमवारी. त्याआधी डॉक्टर सगळ्यांचीच करतात तशी वरवरची तपासणी करणार, चार उड्या, दोन बैठका. सूज उतरली तर निभावलं असतं. शंका आली तर मात्र गुडघ्याच्या आतले फोटो काढले असते आणि मग सगळंच उघडं पडलं असतं. देशाच्या संघाचे सामने होते म्हणून क्लबाला सुट्टी मिळाली होती, आणि देशाचा संघ त्याला हल्ली बोलावत नव्हता. म्हणून तो विश्रांतीला घरी आला.

मेंढ्या वेगळ्या करायच्या आठवड्यात विश्रांतीला घरी येणं म्हणजे पुरात अंग सुकवायला जाणं. त्यात बाप केटिल याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. जन्मात पहिल्यांदा तो रिंगणात उतरणार नव्हता. “यंदा माझ्या जागी एविंदुर,” हे त्याने खोऱ्यातल्या घराघरात सांगून ठेवलं होतं.

रिंगण जुनंच, दगडी. मधोमध गोल मोकळी जागा, भोवताली प्रत्येक शेताचा एकेक कोंडवाडा. उन्हाळाभर डोंगरावर मिसळलेल्या मेंढ्या मध्ये सोडतात. प्रत्येकाने आत शिरायचं, शिंगं धरायची, टांग टाकून मेंढी दोन गुडघ्यांत घट्ट आवळायची, कानाची खूण बघायची आणि आपली असेल तर तशीच चालवत आपल्या फाटकात न्यायची. कुंपणावर म्हातारे, पोरं, गाणी, हातोहात फिरणाऱ्या बाटल्या. केटिल आपल्या फाटकाशी काठी टेकून उभा होता.

सत्तरी ओलांडलेली शेजारीण हाल्बेरा एक मेंढी ओढत एविंदुरसमोरून गेली. “काय रे, परदेशी पायांना कापलेलंच गवत लागतं का? चिखल सोसत नाही?”

“तुझी मेंढी हसतेय, हाल्बेरा. आधी तिला ने.”

तो आत उतरला. पहिली मेंढी नेली, दुसरी नेली. जोर उजव्या पायावर, शिंगं हातात, डावा गुडघा नुसता टेकवलेला. एक तांबूस मेंढी ड्रिफाच्या हातून निसटली. “सोड, माझी आहे,” त्याच्या तोंडून सवयीने गेलं. त्याने ती धरली, टांग टाकली. मेंढीने अंगाला पीळ दिला आणि गुडघ्यात काहीतरी सरकून अडकलं.

पाय सरळ होईना.

तो रिंगणाच्या मधोमध मेंढी आवळून उभा राहिला. भोवतीने लोकर वाहत होती. कपाळावर घाम फुटला. तो मेंढीचा कान बघत राहिला, उगाचच, पुन्हा पुन्हा. वर कुंपणावर अख्खं खोरं बसलं होतं.

ड्रिफा वाट काढत आली. “कान काय वाचतोयस? आपलीच आहे.”

“हं.”

“कुठला पाय?”

“काही नाही.”

“पाब्बीसारखं बोलू नकोस. चालता येतंय?”

“थोडं थांब. सगळे बघतायत.”

ड्रिफाने आजूबाजूला पाहिलं. मग मेंढीला गुडघ्याने ढकलून दिलं, भावाचा हात आपल्या खांद्यावर टाकला आणि मोठ्याने म्हणाली, “घ्या, नॉर्वेत जाऊन प्यायलाही विसरला हा! दोन घोटांत पाय गेले!”

कुंपण खदखदून हसलं. कोणीतरी गाण्याचा सूर चढवला, कोणीतरी फोन वर धरला. आमच्या खोऱ्यात रिंगणात झिंगलेल्या माणसाला जागा करून देतात, दुखतं म्हणणाऱ्याला काय करावं हे कोणाला ठाऊक नाही. एविंदुरनेही मान सैल सोडली, पाय ओढला, थोडं गाऊनसुद्धा दाखवलं. फाटकाशी पोचल्यावर केटिलने त्याच्या तोंडाचा वास घेतला नाही. नुसता बाजूला सरकला आणि कुंपणावरची अर्धी जागा त्याला दिली.

“खुब्याचं मीही दोन वर्षं कोणाला बोललो नव्हतो,” मेंढ्यांकडे बघत बाप म्हणाला.

“माहीत आहे. तुला चालताना आम्ही बघतच होतो, पाब्बी.”

केटिलने फाटकातून निसटू पाहणारी मेंढी काठीने आत वळवली. “डॉक्टर म्हणाला, आधी आला असतास तर नुसतं खरवडून भागलं असतं.”

संध्याकाळपर्यंत गुडघा आपोआप सुटला. सूज मात्र चढली.

रविवारी दुपारी तिघं स्वयंपाकघरात कालचा मटणाचा रस्सा गरम करून खात होते, तेव्हा फोन वाजला. ओडवार. कुंपणावरची ती चित्रफीत फिरत फिरत नॉर्वेत पोचली होती.

“मी बघितली,” ओडवार म्हणाला. “वरची माणसं विचारतायत. दारू होती ना?”

एविंदुरने चमचा खाली ठेवला.

“अरे, दारू असली तर सोपं आहे. दंड भरशील, माझी बोलणी खाशील, उद्या सही करशील. सुट्टीत माणूस पितो. दारूच होती म्हण आणि फोन ठेव.”

ड्रिफाने वाटीतून मान वर केली नाही. केटिलने उठायला म्हणून काठी घेतली, पण उठला नाही, काठी हातात धरून बसून राहिला. होय म्हटलं की दोन वर्षं. एविंदुरने टेबलाखाली गुडघा वाकवला, सरळ केला. टक्. भांड्याखालच्या आचेच्या आवाजातही तो त्याला ऐकू आला.

“दारू नव्हती,” तो म्हणाला. “गुडघा आहे. वसंतापासून.”

ओडवार हळू आवाजात म्हणाला, “बोलला का नाहीस?”

“तुम्हाला आवडत नाही ना.”

“काय?”

“कुरकुर.”

दोन वर्षांचा करार गेला. गुडघ्यात अडकलेला तुकडा डॉक्टरांनी काढला, पण आतली गादी झिजून गेली होती, तिच्यावर इलाज नव्हता. आधी आला असतास तर, असं त्या डॉक्टरांनीही म्हटलं. क्लबाने हंगाम संपेपर्यंत ठेवून घेतलं. तेवढे आठवडे तो गोळीशिवाय चालला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला दुखतं म्हणून सांगत राहिला. पहिल्या पहिल्यांदा जीभ अडखळायची.

हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. संघ एका गोलने पुढे होता, दिवे लागले होते, पातळ बर्फ पडत होता. शेवटची काही मिनिटं उरल्यावर ओडवारने त्याला मैदानात उतरवलं. कानात एवढंच म्हणाला, “दुखलं तर हात वर कर.” ग्राउहोलच्या स्वयंपाकघरात बाप आणि बहीण पडद्यासमोर बसली होती. केटिलने काठी दोन्ही हातांत आडवी धरली होती.

शेवटची शिट्टी वाजायच्या बेतात असताना डाव्या बाजूने एक उंच चेंडू आला. गोलरक्षक पुढे निघाला, सोबतचा पोरगाही धावला, दोघं एकमेकांवर आदळणार असं वाटलं. एविंदुरने मागे दोन पावलं घेतली, डावा पाय रोवला. आवाज आला की नाही, ते त्याने ऐकलं नाही. तो आपल्या भाषेत ओरडला, नेहमीसारखाच.

“सोड, माझा आहे.”