दोघींचा गणिताचा पेपर

सिल्वासातल्या आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासात दर रविवारी वाचन असतं आणि दर रविवारी मी वाद घालतो. हाताशी आलेली मुक्ती बाजूला ठेवून 'सगळ्यांना पैलतीरी नेईन' म्हणतो तो बोधिसत्त्व, असं माझ्या बायकोने समजावून सांगितलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी स्वतः पार व्हावं, मग दुसऱ्याला हात द्यावा. हा कुठला शहाणपणा?" ती नुसती हसली. मला वाटलं, जिंकलो.

ती जवळच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. शाळा सातवीत सुटलेली. चाळिशीत तिने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला, आणि सोबत काम करणाऱ्या, गलोंडा गावच्या एका वारली मैत्रिणीलाही भरायला लावला. पास झालं की दिवसभर उभ्याने पॅकिंग बंद, क्वालिटी तपासणीत बसून काम. जेवणाच्या सुट्टीत ही तिला खोक्यांच्या पुठ्ठ्यावर गणितं शिकवायची.

गणिताच्या पेपरला तासभर होता. आम्ही केंद्रावर पोचलो, तर मैत्रिणीचा पत्ता नाही. फोन उचलेना. बायको गेटबाहेरच थांबली.

"तू आत जा," मी ओरडलो.

चिडली की ती अहिराणीवर येते. "तुम्ही गलोंडाले जा, तिले लई या. ती उनी का दोन्हीजणी मझार जासूत." म्हणजे आत जायचं ते दोघींनी मिळूनच.

"आणि नाहीच आली तर? वर्ष जाईल तुझं!"

"जाऊ द्या."

माझं डोकंच फिरलं. तरी स्कूटर काढली, दुसरं करणार काय! ती बाई घरात भिंतीला टेकून बसली होती. पेपरच्या भीतीने ती निघालीच नव्हती. "भाऊ, मी नाही येत," म्हणाली. मी रागातच सांगितलं, "मग तीही पेपरला बसत नाही. उन्हात उभी आहे तुमच्यासाठी." बाई ताडकन उठली.

गेट बंद होता होता दोघी हात धरून आत गेल्या. मी घामाघूम होऊन बाहेर उभा. विहारातला वाद मी हरलो होतो, आणि हरण्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

निकाल लागला. मैत्रीण पास झाली. बायको गणितात राहिली. मैत्रीण नीट लिहितेय ना, हेच हिने पेपरभर सारखं वळून बघितलं होतं.

मी चाळीत पेढे वाटले. शेजारच्या काकांनी विचारलं, "वहिनी पास झाल्या वाटतं?"

"नाही, नापास झाली," मी म्हटलं. "घ्या, अजून एक घ्या."