शेजाऱ्याची शेळी

पिकलेल्या सीताफळाचा वास आला की घाटनांदूरचे फळवाले चाचा आठवतात. इंटरनेटच्या एका कंपनीचा शेअर तेव्हा उगाच रोज चढत होता. प्लॉटसाठी साठवलेलं सगळं तारण ठेवून तो उसना घ्यायचा, विकायचा आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन परत द्यायचा, असा माझा बेत. चाचांनी सीताफळ फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. “म्हंजी शेजाऱ्याची शेळी आणून इकायची, अन् बाजार पडला की दुसरी आणून बांधायची?” “हो.” “अन् शेजारी आज सांजच्यालाच आला तर?” मी बिया थुंकल्या आणि तो बेत तिथंच सोडून दिला. शेअर आणखी दुप्पट चढला, मगच कोसळला; तोवर माझं तारण केव्हाच बुडालं असतं. आता चाचा नाहीत. पण शेजारची साधी शिडी आणली, तरी सांज झाली की माझं लक्ष दाराकडं जातं.